डावा कोपरा कुणाच्या घरी जेवणार

पहाटे साडेचार

रात्री पाइपने भिजवून ठेवलेली माती पहाटे मुठीत धरून पाहिल्याशिवाय मी एकाही पोराला मैदानात उतरू देत नाही. मूठ वळली पाहिजे आणि सोडल्यावर मोडली पाहिजे. वळून तशीच राहिली तर ओल जास्त झाली, पाय घसरणार. वळलीच नाही तर कोपरं-गुडघे सोलणार. दसरा झाला की बालाघाटावरचं वारं कोरडं होतं, मैदानाला एका रात्रीत भेगा पडतात आणि पाणी जास्त मारावं लागतं. आमच्या कबड्डी मंडळाच्या मैदानात तळ्याचा गाळ, चाळलेली माती आणि आरागिरणीतला भुसा आहे. दर उन्हाळ्यात वरचा थर खरवडून काढायचा आणि नवा घालायचा, हे मंडळ निघालं तेव्हापासून चालत आलंय.

बॅटरीच्या उजेडात फक्की मारतो. 13 मीटर लांब, 10 मीटर रुंद. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा, दोन्ही कडांना राखीव क्षेत्र. रेषा सरळ यायची तर दोरीचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतंच. आज ते आमच्या डाव्या कोपऱ्याने, म्हणजे बचावात त्या जागी उभ्या राहणाऱ्या पोराने, धरलंय. पोरगं पंधरा वर्षांचं, नववीत. दिवाळीच्या तोंडावर आई-बापाबरोबर ऊसतोडीला जायचं त्याचं ठरलेलं आहे. जिल्ह्याची किशोर गटाची निवड चाचणी त्यानंतर आहे.

पाच

पोरं येतात. कुणी लिंबागणेशच्या रस्त्याने सायकलवर, कुणी वस्तीवरून चालत, दोघं-तिघं एका मोटारसायकलवर. महामार्गावर पळायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सांगितलेला असतो. धुळे-सोलापूर आणि नगर-अहमदपूर हे दोन्ही रस्ते आमच्या मांजरसुंब्याच्या चौकात एकमेकांना कापतात, आणि पहाटे घाट चढून आलेल्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांवर झोप असते. आम्ही मागच्या पांदीने पळतो. मग दुकानातले जुने ट्रकचे टायर कमरेला दोर बांधून ओढायचे. मांड्या त्यानेच भरतात.

आजचा धडा घोटा पकडण्याचा. कोपरारक्षकाचं निम्मं आयुष्य वाट पाहण्यात जातं. चढाईपटू बोनससाठी पाय टाकतो, तो पाय जमिनीला टेकायच्या आणि परत उचलायच्या मध्ये जेवढा वेळ असतो तेवढाच याचा. एक हात घोट्याच्या मागून, दुसरा वरून, आणि डोकं समोरच्याच्या मांडीच्या बाहेर. डोकं आत गेलं तर त्याचा गुडघा थेट जबड्यावर येतो. हे मी रोज सांगतो, कारण दात पडलेली पोरं मी पाहिली आहेत. पकडल्यावर ओढायचं नाही, पाय छातीशी घेऊन बसायचं. बाकीचं काम साखळीतला शेजारी करतो.

डावा कोपरा आज सहा चढायांत चार पकडी करतो. दोनदा सुटतं तेव्हा चिडत नाही. मागे जाऊन पुन्हा तसाच वाकून उभा राहतो. हे शिकवून येत नाही. एवढ्या पोरांत असा एखादाच निघतो, आणि तो निघाला की सगळा संघ त्याच्याभोवती बसतो. उजवा कोपरा त्याच्याकडे बघून पुढे येतो, मध्यरक्षक त्याच्या खुणेवर धडक देतो. तो नसेल तर हेच सात जण वेगवेगळे खेळतात.

साडेसहा

कुणाला दूध घालायचंय, कुणाला शाळा, एकाला ढाब्यावर पोहे करायला हात द्यायचाय. भिजवलेले हरभरे आणि गूळ वाटून संपतो. जाताना मी डाव्या कोपऱ्याला सांगतो, “आज रात्री तुमच्या घरी येणार हाय, बापाला थांबायला सांग.” तो फक्त मान हलवतो.

सात

दुकान उघडतो. पंक्चर, हवा, जुने टायर. कंप्रेसर सुरू झाला की चौकातल्या बाकीच्या आवाजांत त्याचा आवाज मिसळून जातो: बीड-सोलापूर गाड्यांचे हॉर्न, हॉटेलांतल्या पोरांच्या हाका, सीताफळांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बाया. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. या दिवसांत अख्ख्या चौकाला त्याचा वास असतो.

हंगामाच्या तोंडावर माझा धंदा तेजीत असतो. टोळ्या न्यायचे ट्रॅक्टर, त्यांच्या ट्रॉल्या, बैलांच्या टायरगाड्या, सगळ्यांचे टायर कारखान्यावर जायच्या आधी तपासून घ्यायचे असतात. कुणाची ट्यूब बदलायची, कुणाला आतून पॅच लावायचा. ज्या गाड्यांत बसून माझा संघ निघून जाणार, त्या गाड्यांना हवा मीच भरतो. एवढ्या वर्षांत या गोष्टीची सवय झालेली नाही.

साडेआठ

ऊसतोड टोळीचा मुकादम ट्रॉली घेऊन येतो. आम्ही दोघं मंडळाच्या पहिल्या संघातले. तो चढाईपटू होता, उंच, लांब पायाचा; त्याचा मागचा पाय कुणाला कळायचा नाही. तेव्हा चौकात एवढी हॉटेलं नव्हती. गणेशोत्सवात वर्गणी उरली, त्यातून सामने भरवले, आणि सामने संपल्यावर पोरं म्हणाली की आता रोजच खेळू. मंडळाची सुरुवात इतकी साधी. नोंदणी, शिक्का, पावतीपुस्तक हे सगळं नंतर आलं.

त्या पहिल्या संघाचं काय झालं हे सांगायला फार वेळ लागत नाही. दिवाळी आली की सातांतले चार जण फडावर. कबड्डीचा खरा मोसम थंडीचा. रात्री दिवे लावून सामने होतात, गावोगावी बक्षिसं लागतात. नेमक्या त्याच महिन्यांत बीड जिल्ह्यातली लाखो माणसं सातारा, सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत उसात असतात. हा मुकादम त्या काळी कोल्हापूरकडच्या एका गावासाठी रात्रीचा सामना खेळायचा आणि पहाटे परत कोयता हातात घ्यायचा. पाडव्याला टोळ्या परत आल्या की संघ पुन्हा जुळायचा. तोवर स्पर्धा संपलेल्या असायच्या आणि हाताची बोटं कोयत्याने ताठलेली असायची.

मी ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघतोय आणि तो स्वतःच विषय काढतो. “तुझ्या त्या कोपऱ्याचं आलंय माझ्या कानावर. पण त्याच्या बापानं दीड कोयत्याची उचल घेतलीय.”

नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरगा धरून दीड. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, उन्हाळ्यातच घरात आली, घराच्या पत्र्यांवर गेली. आता अर्धा कोयता मागे ठेवायचा तर अर्ध्याची उचल कशी फेडायची, हा प्रश्न आहे. मुकादम वाईट माणूस नाही. त्यालाही वरून कारखान्याचा हिशोब असतो.

“रात्री ये,” मी म्हणतो. “बसून बोलू.”

“येतो. त्याची आई काय म्हणती ते आधी बघ.”

अकरा

या वेळेला गाड्या कमी असतात. आमच्या जिल्ह्याला खेळाचं नाव नाही असं कुणी म्हणालं की पोरं लगेच तोंडावर दोन नावं फेकतात, आणि बरोबर करतात. पाटोद्याचा राहुल आवारे: 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटात सुवर्ण, 2019 ला जागतिक स्पर्धेत कांस्य. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे: हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण. आवारे पुण्याच्या तालमीत गेला, साबळे सैन्यात गेला. दोघंही मोठे, आणि दोघांचेही खेळ एकट्याचे. एकटा माणूस गाव सोडून आपला खेळ बरोबर नेऊ शकतो. सात जणांच्या खेळाला मात्र सातही जण एकाच गावात, एकाच वेळी मुक्कामाला असावे लागतात. आमच्या भागात पैलवान आणि धावपटू निघाले, संघ निघाले नाहीत, याचं कारण मला इथे दिसतं.

माझा भाचा पुण्यात रग्बी खेळायचा. त्याच्याकडून मला कळलं की रग्बीचे दोन प्रकार आहेत, आणि दुसरा प्रकार, रग्बी लीग, खेळ की मजुरी या भांडणातूनच जन्मला. उत्तर इंग्लंडात यॉर्कशर-लँकशर भागात गिरणी कामगार आणि खाणमजूर रग्बी खेळायचे. शनिवारीही कामावर जावं लागायचं. सामना खेळला की त्या दिवसाची मजुरी गेली. क्लब म्हणाले, बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यायची मुभा द्या. लंडनच्या संघटनेने 1893 मध्ये नकार दिला: खेळ हौसेचा आहे, त्यात पैसा येऊ नये. ज्यांना मजुरीची फिकीर नव्हती त्यांना हे म्हणणं सोपं होतं. शेवटी 29 ऑगस्ट 1895 ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतले क्लब जमले आणि वेगळे झाले. बुडालेल्या दिवसाला सहा शिलिंग द्यायचे ठरले. पुढे 1906 मध्ये संघ पंधराचा तेरा झाला, नियम बदलले, आणि तो वेगळाच खेळ झाला.

मला त्या सहा शिलिंगांचं फार वाटतं. त्यात कुणाला श्रीमंत करायचं नव्हतं. खेळणाऱ्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटावी, एवढाच त्याचा अर्थ होता.

आपल्याकडे हे मुंबईत घडलं. लालबाग, परळ, प्रभादेवीच्या चाळींतली कबड्डी गिरणगावातच वाढली. पुढे बँका, रेल्वे, मोठ्या कंपन्या यांनी आपापले संघ केले आणि चांगल्या खेळाडूला नोकरी दिली. नोकरी होती म्हणून सराव होता. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने जगाला हा खेळ दाखवला. शंकरराव तथा बुवा साळवींनी आयुष्य घातलं, त्यांच्या 15 जुलै या जन्मदिवशी आपण कबड्डी दिन पाळतो. 1990 ला बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली, 2014 ला प्रो कबड्डी. एवढ्या सगळ्या वाटेत मांजरसुंब्याच्या पोराची बुडालेली मजुरी कुणी भरायची, हे मात्र ठरायचं राहिलं आहे.

दुपारी दोन

जेवण दुकानातच. मग आडत दुकानाच्या काट्यावर किशोर गटाची पोरं एकेक करून चढतात. वय 16 च्या आत आणि वजन 55 किलोपर्यंत. डावा कोपरा 53 भरतो. एक चढाईपटू 55 च्या वर, थोडासाच. तो लगेच म्हणतो, “दादा, दोन दिवस जेवत नाय.” मी त्याला तिथेच थांबवतो. उपाशी राहून वजन उतरवलेलं पोरगं सामन्यात पायात गोळे येऊन पडतं, आणि वाढीच्या वयात ते मला बघवत नाही. वजन बसलं तर किशोर, नाही बसलं तर कुमार गटात खेळेल. तिथे मर्यादा 70 किलोची आहे. तो नाराज होऊन जातो.

साडेतीन

शाळेत जन्मतारखेचे दाखले आणि सह्या. मुख्याध्यापक वेळ देतात, चहा देतात. गावं रिकामी झाल्यावर मागे राहणाऱ्या लेकरांसाठी जिल्हा परिषद शाळांत हंगामी वसतिगृहं चालतात. त्याने खूप लेकरं फडावर जायची वाचली. पण ती सोय आठवीपर्यंतच्या वयाच्या लेकरांची. आमचा कोपरा नववीत आहे. सर स्वतःच म्हणतात, “बुधवार माझ्याकडं लिहा.” काय लिहायचं ते मी अजून कुणाला सांगितलेलंही नव्हतं.

साडेपाच

मुलींचा सराव. त्यांचं मैदान 12 बाय 8, म्हणून रेषा पुन्हा आखाव्या लागतात. त्यांचा डाव पंधरा मिनिटांचा, पुरुषांचा वीस. अंधार पडायच्या आत प्रत्येकीला घरी पोचवायचं, यात मी कधीच सूट देत नाही. घरचे पाठवतात ते या भरवशावर.

मुलींचा संघ मुलांपेक्षा उशिरा उभा राहिला आणि जास्त वेळा मोडला. पोरगी मोठी झाली की आई फडावर गेल्यावर धाकट्यांचा स्वयंपाक तिच्या गळ्यात येतो, आणि एकटी कशी ठेवायची म्हणून लग्न लावून द्यायची घाई होते. बालविवाहात बीडचं नाव वर असतं, त्याचं मूळ निम्मं तरी या स्थलांतरात आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका चढाईपटूला बघायला पाहुणे यायचे होते. अंगणवाडीताई, तिच्या वर्गशिक्षिका आणि संघातल्या सगळ्या पोरी मिळून तिच्या घरी जाऊन बसल्या. भांडण केलं नाही. बसून राहिल्या. ती आज माझ्यासमोर चढाई करतेय: उजवीकडे झुकून, डाव्या पायाने निदान रेषा ओलांडून, तिघींना अंगावर घेऊन परत.

अभिलाषा म्हात्रेचं नाव या पोरींना पाठ आहे. 2012 च्या पहिल्या महिला विश्वचषकाचा विजेता संघ, मग आशियाई सुवर्ण, मग अर्जुन पुरस्कार. मुलगे अस्लम इनामदारचं नाव घेतात, कारण तो शेजारच्या नगर जिल्ह्याचा, आणि 2024 ला त्याच्या कप्तानीत पुणेरी पलटण जिंकली. अशी नावं जवळची असावी लागतात.

सराव संपताना एकीची आई तिला न्यायला येते. “त्या पोराचं कळलं,” ती म्हणते. “गुरुवार आमच्याकडं. चार भाकरी करते, पाच करीन.”

रात्री आठ

डाव्या कोपऱ्याच्या घरी. नव्या पत्र्यांचा उंबऱ्यावर अजून वास आहे. अंगणात पोत्यांत बाजरी, पातेली, एक गुंडाळलेली ताडपत्री: फडावरच्या कोपीचं सामान. बाप बोलत नाही. आई विचारते, “दादा, ह्यातून नोकरी लागती का?”

जे खरं आहे तेवढंच सांगतो. शालेय स्पर्धेत पुढे गेला तर दहावीला वाढीव गुण मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी वरच्या स्पर्धेतलं प्रमाणपत्र लागतं आणि ते थोड्याच पोरांना मिळतं. पोलीस भरतीत मैदानी गुणांना सराव उपयोगी पडतो. निवड झालीच नाही तरी शाळा सुटणार नाही, एवढं नक्की. फडावर गेला तर ती सुटणार, हेही नक्की. त्याच्या मोठ्या भावाची अशीच सुटली. आई पोराकडे बघत नाही, चुलीकडे बघते.

मुकादम येतो. उचलीचं बोलणं लांबतं. शेवटी असं ठरतं: बापाचा चुलतभाऊ पुण्याहून काम सुटून आलाय, अर्ध्या कोयत्याच्या जागी तो येईल. त्याने यायचं तर त्याला हातात काहीतरी रोख लागेल. ते मंडळ देईल, गेल्या वर्षीच्या सामन्यांतून शिल्लक राहिलेल्या पैशांतून. मुकादम म्हणतो, “कमी पडलं तर माझ्याकडून घे. परत मागणार नाही.” मी त्याच्याकडे बघतो. त्याला काय आठवतंय ते मला ठाऊक आहे; आम्ही दोघंही त्यावर बोलत नाही.

राहता राहिला जेवणाचा प्रश्न. घरात आजी आहे, तिला दिसत कमी. ती आतून म्हणते, “सकाळची भाकर मी थापीन. रातचं तेवढं बघा.”

साडेनऊ

दुकानाच्या पायरीवर मंडळाची वही काढून बसतो. शिकायला आलेल्या पोराला वार लावून जेवू घालायची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती आम्ही कोपऱ्यासाठी लावतोय. सोमवार ढाबेवाल्याकडे. तो म्हणाला, रोज आला तरी चालेल, पण रोज तेलकट खाऊन पोरगं जड होईल. मंगळवार माझ्या घरी. बुधवार मुख्याध्यापकांकडे, गुरुवार त्या मुलीच्या घरी. शुक्रवार किराणा दुकानदाराकडे, त्यांच्याकडे उपास असतो, त्यामुळे भगर मिळेल. पोराला आधी सांगून ठेवलं पाहिजे. रविवार मुकादमाच्या आईकडे, म्हातारी गावातच राहते आणि तिने आपण होऊन निरोप पाठवलाय.

शनिवार अजून मोकळा आहे. ती जागा आडतवाल्याला सकाळी विचारायची, आणि तो नाही म्हणाला तर उजव्या कोपऱ्याच्या घरी.